तिसऱ्या किलोमीटरवरची खिडकी

१४ सप्टेंबर, सोमवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझी स्मरणशक्ती लहानपणापासून बेताची, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी आजी. आईची आई. कालव्याकाठी घरांची जी रांग आहे त्यातलं तिसरं घर, वरचा मजला, हिरवी खिडकी. तू याच खोलीत जन्मलास आणि पुढची सतरा वर्षं इथंच जेवलास. एवढ्यानंही आठवलं नाही तर पत्र बाजूला ठेव, तोंडावर गार पाणी मार आणि परत ये. मी थांबते. सहा वर्षं थांबलेच आहे, त्यात आणखी पाच मिनिटं.

मी खुशाल आहे. गुडघे खुशाल नाहीत, पण त्यांना काही लिहायचं असेल तर त्यांनी वेगळं पत्र लिहावं. तू खुशाल आहेस हे मला ठाऊक आहे. कसं, ते पुढं सांगते.

हे पत्र लिहून देताहेत त्या खालच्या मजल्यावरच्या टंकलेखक बाई. पस्तीस वर्षं कोर्टात बसून लोकांच्या साक्षी टाइप करत होत्या. खरं बोलणारा माणूस त्यांना तीन वाक्यांत ओळखू येतो म्हणतात, म्हणून मी सांगताना त्यांच्याकडे बघत नाही. पत्र पूर्ण झालं की पोस्टमनला वर बोलावून त्याच्याकडून सगळं मोठ्यानं वाचून घेणार आहे. बाई याच्यावर रुसल्या. "मावशी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "बाई, माझा विश्वास अक्षरांवर नाही. ती कोणाच्या बाजूची असतात ते मला कधी कळलेलं नाही." पूर्वी मी असं दोनदा वाचून घेत नसे. पूर्वी माझी पत्रं एकच जण लिहायचा आणि मला वाटायचं की जे माझ्या तोंडातून निघतं तेच त्याच्या पेन्सिलीतून उतरतं. तेही पुढं येईल. आधी तुझ्या लेखणीबद्दल बोलू.

गेल्या गुरुवारी बाई वर आल्या. हातात फोन. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या नातवानं आपल्या शहराबद्दल लिहिलंय. नाव त्याचंच, फोटोही त्याचाच." मी म्हटलं, "शहराबद्दल? त्यानं शहरात पाय ठेवल्याला सहा वर्षं झाली." बाई म्हणाल्या, "लिहिलंय तेवढंच वाचते." कोर्टातली सवय. मग वाचायला लागल्या.

काय सुंदर लिहितोस रे! 'कामानिमित्त तीन दिवस या शहरात आलात, तर सकाळी कुठं पळाल आणि नंतर काय खाल.' अगदी पाहुण्यासारखं. जसं काही तू कालच गाडीतून उतरलास आणि कोणाला तरी विचारलंस, बाबा रे, इथं पाणी कुठं मिळतं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी कोणते बूट घालावेत, कुठला दगड निसरडा आहे, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात. त्या निसरड्या दगडावर तुझा पुढचा दात पडला होता. तो मी डबीत ठेवला होता. तेवढं तू लिहिलं नाहीस. पाहुण्यांना त्याचा काय उपयोग, नाही का?

मी बाईंकडून ते चार वेळा वाचून घेतलं. त्यामुळं आता मला पाठ आहे. चुकलं तर सांग.

पहिला दिवस. 'पुलापासून निघून कालव्याच्या काठानं जुन्या बसस्टँडपर्यंत. जाऊन येऊन दहा किलोमीटर. शहरातली सगळ्यात चांगली वाट. फक्त तिसऱ्या किलोमीटरला जुन्या घरांची एक रांग मध्ये येते आणि वाट अरुंद होते. ती घरं महिनाअखेर पाडणार आहेत असं समजलं. त्यानंतर वाट सलग होईल आणि पळायला आणखी मजा येईल.'

हे वाचताना बाईंचा आवाज बारीक झाला. त्यांचंही घर त्याच रांगेत आहे. मी म्हटलं, "थांबलात का? वाचा पुढं. मजा येईल म्हणतोय तो." मग आम्ही दोघी हसलो. रडायला वेळ कुठं आहे, अजून भांडी बांधायची आहेत. पण भिंगरी, इतकी वर्षं मी लोकांची तोंडं ऐकली आहेत. माझ्या खानावळीत रोज चाळीस हमाल जेवायचे आणि जेवणाऱ्यांची जीभ सैल असते. माझ्या घराबद्दल एवढं नेटकं वाक्य अजून कोणी बोललं नव्हतं. नगरपालिकेची नोटीस आली, तीसुद्धा 'खेद वाटतो' असं म्हणून सुरू झाली होती.

आणि तो पहिला दिवस मला वाचून कळला असं समजू नकोस. पहाटे उठून खिडकीशी बसते, हे तुला ठाऊक आहे. खानावळ बंद होऊन नऊ वर्षं झाली तरी हात साडेपाचला जागे होतात. मग त्यांना कांदे द्यावे लागतात. एक तारखेला, मंगळवारी, कांदा सोलत होते आणि खालून पाय वाजत आले. कालव्यावर हल्ली दिवसभर माणसं पळत असतात, जसं काही मागं कोणी लागलंय. मी बघतही नाही. पण हे पाय मी ऐकले. एक सरळ पडत होता, दुसरा जरा बाहेर. तुझे आजोबा असेच चालायचे, डावं पाऊल बाहेर टाकून. मी वर बघितलं तोवर पोपटी शर्ट आणि पाठ. पाठीवर घाम. केस मागून विरळ व्हायला लागलेत, तेल लावत जा.

मी स्वतःला म्हटलं, म्हातारे, कांद्यानं डोळ्यांत पाणी आलंय, त्यात तुला कोणीही दिसेल.

दुसरा दिवस. 'पळून झाल्यावर पुलाखालच्या गाडीवर मसुराचं सूप प्या. कांदा जवळजवळ जाळलेला, पण कडू नाही. असं सूप मी दुसरीकडे कुठंच खाल्लेलं नाही.'

खोटारडा! कुठंच? सतरा वर्षं रोज संध्याकाळी खाल्लंस. पुलाखाली उभी असते ती सूपवाली माझ्याकडे भांडी घासायला होती. कांदा काळा पडायच्या जरा आधी गार पाण्याचा हबका मारायचा, हे तिला मीच दाखवलं. तिनं ते दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा माझ्यापेक्षा बरं केलं, म्हणून मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण तुझा वळसा दहा किलोमीटरचा, आणि कळसा सापडल्यावरही तू पाहुण्यांना त्याचा पत्ता देत फिरतोस.

शुक्रवारी मी तिला बोलावून घेतलं. ती पदराला हात पुसत उभी राहिली, चोरी पकडल्यासारखी.

"आला होता ना?"

"आला होता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता विचारते."

तिनं सांगितलं. तू दोन वाट्या संपवल्यास. तिसरी मागितलीस आणि हसून विचारलंस, "बाई, हे कोणाकडून शिकलात?" तिनं तुला ओळखलं नव्हतं. दाढी ठेवली आहेस म्हणे. ती सरळ म्हणाली, "कालव्यावर तिसऱ्या घरात एक म्हातारी आहे, तिच्याकडून. अजून आहे, तोंडही तसंच आहे." मग तू वाटी खाली ठेवलीस. भरलेली. आणि चालू लागलास. तेव्हा कुठं तिनं तुझं डावं पाऊल बघितलं.

"भरलेली वाटी टाकून गेला, मावशी," ती म्हणाली. तिला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

तिसरा दिवस तू दोन ओळींत उरकलास. 'आज पाय जड होते. तिसऱ्या किलोमीटरवरून मागं फिरलो. असेही दिवस येतात, शरीराचं ऐकावं.'

शरीराचं! बाई वाचून थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता, शरीर त्याचं आहे."

पण त्या सकाळी काय झालं ते मला वाचून घ्यायची गरज नव्हती. तू समोरच्या दगडावर पाय ठेवलास आणि बुटाची नाडी बांधायला लागलास. बांधलीस. सोडलीस. परत बांधलीस. मी लहानपणी तुला नाडी बांधायला शिकवली तेव्हाही इतका वेळ लागला नव्हता. मग तू मान वर केलीस.

हिरव्या खिडकीत कोणी नव्हतं. असंच दिसलं ना तुला?

मी पडद्यामागं होते. तुझं डोकं वर होताना बघितलं आणि मागं सरले. हातात अर्धा सोललेला कांदा. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, चोर-पोलीस खेळल्यासारखी भिंतीला पाठ लावून उभी. पडदा हलला असेल तर तो वाऱ्यानं नाही. मी मनात म्हणत होते, जिना चढ. अकरा पायऱ्या आहेत, दहा किलोमीटर पळणाऱ्याला अकरा पायऱ्या काय? तू तिकडे काय म्हणत होतास ते तुझं तुला माहीत. थोड्या वेळानं पाय वाजले, आणि लांब गेले. पुलाकडे गेले, स्टँडकडे नाही.

मी हाक मारली असती तर? बाईंनी हे विचारलं. मी त्यांना म्हटलं, लिहा, विचारू नका. पण तुला उत्तर देते. सहा वर्षांपूर्वी तू मला जे बोललास, त्यानंतर पहिली हाक माझी नव्हती. असं मला तेव्हा वाटलं. आता काय वाटतं ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

तू काय बोललास तेही आठवत नसेल, म्हणून सांगते. तुझ्या आईला शेवटचा निरोप देऊन आपण सगळे तिच्या घरी आलो होतो. तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या स्वयंपाकघरात. दाराशी ते अंजिराचं झाड, हिरवी कच्ची फळं लागलेली. मी लोकांसाठी चहा गाळत होते. तू दारात उभा राहिलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "तुझ्या पत्रांनी तिला येऊ दिलं नाही. माझ्याच हातानं लिहून घेतलीस ती पत्रं." मी चहा गाळत राहिले. खरं होतं.

बाई, हे सगळं लिहा. हो, हेही. तो वाचेल, आणि पोस्टमनही वाचेल. वाचू दे.

तू आठ वर्षांचा होतास तेव्हा ती हातमोज्यांच्या कारखान्यात कामाला म्हणून गेली. तुझा बाप त्याच्या आधीच नाहीसा झाला होता, त्याच्यावर शाई घालवायची नाही. ती म्हणाली, सहा महिने, जागा मिळाली की पोराला नेते. मी हो म्हटलं. आणि दर महिन्याला तिला पत्र पाठवायचं ठरलं. मला लिहिता येत नाही, खानावळीत कोणाला वेळ नाही. तुझं अक्षर मास्तरांनी वाखाणलेलं. मग तुला टेबलाशी बसवायचे आणि मी कांदे चिरत सांगायचे. तू जीभ बाहेर काढून लिहायचास.

मी काय सांगायचे? पोरगा मजेत आहे. शाळेत रमलाय. तुझी आठवण काढत नाही. आता मध्येच येऊन त्याला हलवू नकोस, रुजलेलं रोप उपटू नये. हे मी आठ वर्षांच्या पोराला सांगायचे आणि तो ते स्वतःच्या आईला लिहायचा. 'पोरगा तुझी आठवण काढत नाही.' तू एकदाही पेन्सिल खाली ठेवली नाहीस. मला वाटायचं, बघा, खरंच आठवण काढत नसेल.

मी असं का सांगत होते? सहा वर्षांत तू हे विचारलं नाहीस, फक्त आरोप केलास, म्हणून मीही सांगितलं नाही. ती तुला घेऊन जाईल म्हणून. एवढंच. तिच्या भल्यासाठी नाही, तुझ्या भल्यासाठी नाही. चाळीस माणसं जेवून उठून जायची आणि तू एकटाच असा होतास की जेवून इथंच झोपायचास. मी तुला ठेवून घेतलं. लोक दुसऱ्याची वस्तू ठेवून घेतात, मी पोर ठेवून घेतलं. माझा हा वाटा मी कधी नाकारला नाही. त्या स्वयंपाकघरातही नाही.

आता डब्याची गोष्ट.

मे महिन्यात तुझ्या आईच्या नवऱ्यानं घर बदललं. आवराआवर करताना त्याला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात माझी सगळी पत्रं, सालवार लावलेली. त्यानं डबा मला पाठवून दिला. वर चिठ्ठी, की खाली नाव तुमचं आहे, तेव्हा ही तुमची. भला माणूस आहे. त्यानं ती वाचली असतील का, मला ठाऊक नाही. वाचली असती तर डबा तुला पाठवला असता.

तीन महिने डबा कपाटावर होता. माझंच बोलणं, मला काय ऐकायचंय त्यात? पण घर पाडायची नोटीस आली, सामान कमी करायला घेतलं, तेव्हा बाईंना म्हटलं, टाकायच्या आधी एकदा वाचून दाखवा. बघू तर खरं, तेव्हा मी किती वाईट होते.

बाईंनी पहिलं पत्र वाचलं. माझंच बोलणं, शब्दन् शब्द. मग म्हणाल्या, "खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ आहे."

"काय?"

"'आजी सांगते तसं लिहिलंय. पण तू ये. शनिवारच्या बसनं ये, मी स्टँडवर असतो.'"

मी म्हटलं, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. साक्ष वाचतात तशी, चढउतार न करता.

दुसऱ्या पत्रात तीच ओळ. तिसऱ्यात तीच. त्रेचाळीस पत्रं आहेत, भिंगरी. सदतिसांच्या खाली ती ओळ आहे. पुढं पुढं ती लहान होत जाते. 'पण तू ये, शनिवारी.' मग 'शनिवारी.' मग नुसतं 'ये'. शेवटच्या सहा पत्रांत काहीच नाही. तिनं तिकडे लग्न केल्याचं कळलं ते त्याच सुमारास. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास.

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. हो. मी टाळी वाजवली. सहा वर्षं मी या खोलीत गुन्हेगार म्हणून बसले होते आणि माझी सुटका बिस्किटांच्या डब्यात होती! तिला माहीत होतं. माझ्या बोलण्याखाली तुझं बोलणं दर महिन्याला तिच्या हातात पडत होतं. पोरगा बोलावतोय, कुठं उभा आहे, कोणत्या बसनं यायचं, सगळं तिला माहीत होतं आणि तरी ती आली नाही. माझ्या पत्रांनी तिला अडवलं नाही. तिला अडवायची गरजच नव्हती.

आणि हे तुला माहीत होतं! त्या स्वयंपाकघरात दारात उभं राहून मला बोललास तेव्हाही माहीत होतं. ओळ तूच लिहिली होतीस, मग विसरशील कशी? मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, ते बरं दिसत नाही. जिवंत म्हातारी समोर चहा गाळत उभी होती, ती सोयीची पडली. सतराव्या वर्षी तू तिच्याच शहरात राहायला गेलास, दर रविवारी तिच्याकडे जेवलास, तिला एकदा तरी विचारलंस का, की आई, तू का आली नाहीस? नाही विचारलंस. विचारलं असतंस तर ती उत्तर देऊन बसली असती. मला दोष देणं बरं. मला उत्तर देता येत नव्हतं.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. मग बाई जेवायला खाली गेल्या आणि मी एकटीच डबा मांडीवर घेऊन बसले. मला अक्षर कळत नाही, पण रेघ कुठं दाट आहे ते दिसतं. ती खालची ओळ प्रत्येक पत्रात वरच्यापेक्षा काळी आहे. पेन्सिल दाबून लिहिलेली. बोट फिरवलं तर मागून हाताला लागते. सगळ्या आयुष्यात मला वाचता आलेली तेवढी एकच ओळ.

आणि मग शनिवार आठवले.

तू पळायला कधी लागलास ते तू त्या फोनमध्ये लिहिलं नाहीस. मी सांगते. नवव्या वर्षी. दर शनिवारी, शाळा सुटली की. मला म्हणायचास, आजी, पळायची शर्यत आहे, सराव करतो. मी खिशात उकडलेलं अंडं घालायचे. स्टँडपर्यंत जाऊन यायचास, पाऊस असो की ऊन. परत आलास की लाल झालेला असायचास आणि जेवायचा नाहीस. अंडंही तसंच परत. मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, पायाला भिंगरी आहे पोराच्या. नाव मीच ठेवलं. एक हमाल मला एकदा म्हणालाही, "अहो, तो पळत नाही, तिकडे जाऊन बसच्या दाराशी उभा राहतो. सगळे उतरेपर्यंत." मी म्हटलं, "दम खात असेल."

दम खात असेल! हे मी म्हटलं होतं. बाई, हे दोनदा लिहा.

त्या स्टँडवरून आता बस सुटत नाही. कुलूपबंद दुकानं आणि गवत आहे. पळणाऱ्याला तिथं बघण्यासारखं काही नाही असं बाई म्हणतात. तरी तू पाहुण्यांना सांगतोस की शहरातली सगळ्यात चांगली वाट तीच. आणि कामाला म्हणून तीन दिवस आलास तर पहाटे उठून तिथंच जाऊन आलास. अजून जातोस. त्या वाटेवर माझं घर मध्ये येतं, त्याला मी काय करू? महिनाअखेर ते हटेल. मग वाट सलग होईल. पण बस यायची नाही रे, बाळा.

आता मी काय ठरवलं ते सांगते आणि संपवते, बाईंचा हात दुखायला लागलाय.

माफी मागत नाही. आठ वर्षांच्या पोराकडून ती पत्रं लिहून घेतली त्याला माफी पुरत नाही, आणि पुरली असती तरी मागायची मला सवय नाही. माफी देतही नाही. सहा वर्षं तू मला जे वाहायला लावलंस त्यात माझा वाटा होता तो मी वाहिला, पुढंही वाहीन. तुझ्या आईचा वाटा मात्र मी आता उचलणार नाही. माझे गुडघे गेले. तो तुझा तू घे, नाहीतर त्या स्टँडवर ठेवून ये. लेक माझी होती. तिच्यावर मी रागावले तर मला कोणी नाव ठेवणार नाही, म्हणून सुरुवात मी करते: ती आली नाही. तिनं यायला हवं होतं. लिहिलं का बाई? बरं.

नगरपालिकेनं मला खोली दिली आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातवा मजला. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. तिथून कोणाचे पाय ऐकू येणार नाहीत आणि तिथं पळायची वाटही नाही, तेव्हा तुझ्या पाहुण्यांची गैरसोय व्हायची नाही. तीस तारखेला ट्रक येतो. तोवर पत्ता हाच. नवा पत्ता मी या पत्रात घालत नाही. बाई म्हणाल्या, घाला हो मावशी, हट्ट कसला. मी म्हटलं, त्यानं सगळ्या जगाला या घराची वाट लिहून दिली आहे, त्याला सापडेल.

डबा मी पोस्टानं पाठवणार नाही. टाकणारही नाही. कपाटावरून काढून खिडकीत ठेवला आहे.

आता बाई विचारताहेत, खाली माझी एक ओळ लिहू का? मी म्हटलं, खबरदार! या घरातून त्या जागी सदतीस वेळा लिहून झालंय. कोणी आलं नाही.

अंगठा माझाच आहे, पोस्टमनच्या समोर उठवलेला.

पडद्यामागं होती, ती
तुझी आजी

ता. क. खायला काही पाठवायचं मनात आलंच, तर गोड बिस्किटं नकोत, दात नाहीत. सुका मेवा नको. तुझी आई तिकडून दर वर्षी वाळवलेली अंजिरं पाठवायची आणि कळवायची की ताजी पोस्टानं टिकत नाहीत, येताना घेऊन येईन. तिचा नवरा ते घर सोडून गेला तरी त्या दाराशी ते झाड अजून असेल, आणि आता ती पिकली असतील. तीच पाठव. पिकलेली, सकाळी काढलेली, सहा पुरेत. एका दिवसात नासतात आणि पोस्टवाले ती घेत नाहीत, मी विचारून ठेवलंय. तेव्हा कशी पाठवायची ते तुझं तू बघ.